पेटी गुण्यात आहे काय?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, राजकारण, अर्थशास्त्र, इतिहास यांवर मोठमोठ्या विद्वानांनी विवेचन केले आहे. मी विद्वान नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता जे वाचावयास मिळाले आणि कारागिरांच्या शेजारी बसून जे पाहावयास मिळाले, तेवढीच माझी पुंजी. म्हणून विषयही हाताशी असलेलाच निवडला आहे. लाकडाची पेटी जोडताना ती काटकोनात बसली की नाही हे कसे ओळखावे, आणि बसली नसेल तर ती सरळ कशी करावी, एवढाच माझा विषय.

हा विषय सुताराचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणाच्या मनात येईल. त्यांनी एखाद्या पहाटे आपल्या तुर्भे-वाशीच्या फळबाजारात येऊन उभे राहावे. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली आणि मुंबईच्या दाटीतले घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने खाडीपलीकडे आले. १९८१ मध्ये कांदा-बटाटा आला, १९९१ मध्ये मसाला आणि धान्य, १९९६ मध्ये फळे आणि भाजीपाला. हे दिवस हापूसचे. देवगड-रत्नागिरीकडची पेटी गाडीतून उतरते, माणसाच्या डोक्यावरून गाळ्यात जाते, थप्पीला लागते, थप्पीतून निघते आणि पुन्हा दुसऱ्या गाडीत चढते. आपण आंब्याचा रंग आणि वास पाहतो. तो आंबा ज्या चार फळ्यांत बसून आला त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. माथाडी कामगाराचे मात्र जाते, कारण थप्पी कलली तर ती त्याच्या अंगावर येते. पेटीचा काटकोन हा कारागिराच्या हौसेचा प्रश्न नाही, दुसऱ्या कामगाराच्या हातापायांचा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढचे ऐकावे.

चार बाजू सारख्या, तरी पेटी तिरपी

काटकोन तपासण्याच्या हत्याराला आपल्याकडे गुण्या म्हणतात. एक जाड दांडा आणि त्याला काटकोनात बसवलेली एक पातळ पट्टी, एवढेच त्याचे रूप. सुतार आणि गवंडी दोघेही तो वापरतात. वस्तू काटकोनात असली की ती ‘गुण्यात आहे’ आणि नसली की ‘गुण्याला नाही’, अशी त्यांची भाषा. आपण ‘गुण्यागोविंदाने नांदणे’ म्हणतो. त्या गुण्याचे या गुण्याशी काही नाते आहे की नाही, ते भाषापंडितांनी ठरवावे. पण फळ्या गुण्यात नसल्या तर त्या एकमेकींशी नांदत नाहीत, हे सांगावयास पंडित नको.

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते की, समोरासमोरच्या बाजू मोजून सारख्या कापल्या म्हणजे पेटी आपोआप काटकोनात येते. ही समजूत खोटी आहे. ते पाहावयास काड्यापेटी पुरे. आतला खण काढून टाका आणि बाहेरचे रिकामे टरफल दोन बोटांत धरून दाबा. ते कलते, कलता कलता चपटे होते. या सबंध वेळात त्याच्या चारी बाजूंची लांबी तसूभरही बदललेली नसते. बदलले ते कोपरे. म्हणजे बाजू मोजल्याने कोपरा मोजला जात नाही.

आता तीन काटक्यांची टोके दोऱ्याने बांधून त्रिकोण करा आणि तो दाबून पाहा. तो हलत नाही. काटकी मोडेपर्यंत त्रिकोण आपला आकार सोडत नाही. चौकोन मात्र स्वभावतःच ढिला. त्याला घट्ट करावयाचे तर एक तिरपी पट्टी मारून त्याचे दोन त्रिकोण करावे लागतात, नाहीतर त्याच्या अंगावर एक सबंध फळी ठोकावी लागते. पेटीचा तळ आणि कपाटाची पाठ हेच काम करतात. तळ आंबे खाली पडू देत नाही हे सर्वांना दिसते. तो चौकटीला आकारात बांधूनही ठेवतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

यातूनच या कामातला मुख्य नियम निघतो. तळ ठोकला की चौकट जशी असेल तशी पक्की होते. सरळ असेल तर सरळ पक्की, तिरपी असेल तर तिरपी पक्की. म्हणून तपासणी तळ ठोकण्याच्या आधी करावयाची. नंतर केलेल्या तपासणीने दोष कळतो, जात नाही.

दोरीची परीक्षा

तपासावयाचे कसे? लहान वस्तूला गुण्या लावून पाहता येते. पण गुण्याची पट्टी वीतभर, आणि चौकट हातभर किंवा पुरुषभर. पट्टीपुरता कोपरा बरोबर दिसतो आणि पुढे फळीला बाक असला तर तो कळत नाही. त्यापेक्षा खात्रीची रीत म्हणजे कर्ण मोजणे. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर म्हणजे कर्ण. प्रत्येक चौकटीला असे दोन कर्ण असतात. ते सारखे असले की चौकट गुण्यात.

एक उदाहरण घेऊ. आतून ४० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद अशी चौकट आहे. ती काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० सेंटिमीटर भरतील. आता समजा तिची एक लांब बाजू समोरच्या बाजूच्या मानाने १ सेंटिमीटर सरकली. कोपरा दोन अंशांहूनही कमी बिघडला, आणि घाईत असलेल्या माणसाच्या नजरेला तो कळेलच असे नाही. पण कर्ण मोजा. एक सुमारे ५०.८ भरेल आणि दुसरा सुमारे ४९.२. फरक १.६ सेंटिमीटरचा. म्हणजे प्रत्यक्ष कल एकाचा आणि कर्णांतला फरक दीडपटीहून जास्त. कर्णाची परीक्षा दोष मोठा करून दाखवते, म्हणून ती नजरेपेक्षा आणि पुष्कळदा छोट्या गुण्यापेक्षाही भरवशाची.

यासाठी मोजपट्टीही लागत नाही. बांबूच्या दोन कामट्या घ्या. प्रत्येकीचे एक टोक तासून टोकदार करा. दोन्ही कामट्या एकमेकींवर धरून, टोकदार टोके बाहेर ठेवून, चौकटीच्या आत तिरप्या घाला आणि सरकवून दोन कोपऱ्यांत टेकवा. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे पेन्सिलीची खूण करा. मग त्याच कामट्या दुसऱ्या दोन कोपऱ्यांत टेकवा. खूण जुळली तर चौकट गुण्यात. जुळली नाही तर किती फरक आहे तो समोर दिसतोच. यात आकडा वाचावयाचा नाही, बेरीज-वजाबाकी नाही. ज्याला शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही असा कामगारही ही परीक्षा इंजिनियराइतकीच अचूक करू शकतो. मला या रीतीचे अगत्य आहे ते याच कारणाने.

एक सावधगिरी मात्र हवी. नुसते कर्ण सारखे असून भागत नाही, समोरासमोरच्या बाजूही सारख्या असाव्या लागतात. एक बाजू ६० सेंटिमीटर आणि तिच्या समोरची ५८, उरलेल्या दोन सारख्या, अशी चौकट जुळवली तर तिचे कर्ण सारखे भरू शकतात आणि तरी तिचा एकही कोपरा काटकोनात नसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी फळ्यांच्या जोड्या एकावर एक ठेवून लांबी सारखी करून घ्यावी, मग कर्ण पाहावे. दोन्ही परीक्षा उतरल्या की शंकेला जागा नाही.

आणखी एक दोष कर्णांनाही कळत नाही. चौकट काटकोनात असते, पण पिळलेली असते. तिचा एक कोपरा जमिनीपासून उचललेला असतो. यासाठी चौकट सपाट फरशीवर ठेवून एकेक कोपरा दाबून पाहावा. डगडगली तर पीळ आहे. मोठ्या चौकटीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्या आणि एका डोळ्याने पाहावे. पहिल्या पट्टीची कड दुसरीच्या कडेशी समांतर दिसली पाहिजे.

हे ज्ञान आजचे नाही. बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखण्यासाठी दोरीची गणिते दिली आहेत. ‘शुल्ब’ म्हणजेच दोरी. आयताच्या कर्णावरचा चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा नियम तिथे आहे आणि ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४ अशा बाजूंच्या जोड्याही आहेत. आज इमारतीचा पाया आखताना गवंडी दोरीवर तीन, चार आणि पाचाचे माप घेऊन काटकोन काढतो तो याच नियमाने. वेदी आखणाऱ्याचे ज्ञान पोथीत राहिले आणि गवंड्या-सुताराचे हातात राहिले. दोघांची दोरी एकच आहे, हे आपल्या समाजाने फार काळ ओळखले नाही.

गुण्याचीच परीक्षा

ज्याने दुसऱ्याला तपासावयाचे तो स्वतः खरा आहे काय, हा प्रश्न संघटनेच्या कामात आम्हाला नेहमी पडतो. गुण्यालाही तो विचारावा. गुण्या हातातून पडतो, त्याच्यावर हातोडा पडतो, लाकडी असला तर हवेने बदलतो. बाजारातल्या वजनकाट्याची कायद्याने पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसतो. सुताराच्या पिशवीतल्या गुण्यावर शिक्का मारावयास कोणी येत नाही. ते काम त्याचे त्यानेच करावे लागते.

रीत सोपी आहे. सरळ कड असलेली एक फळी घ्या. गुण्याचा दांडा त्या कडेला टेकवून पट्टीलगत एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा पहिल्यांदा डावीकडे होता तर आता उजवीकडे येईल असा, आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. त्या फाकल्या तर गुण्या खोटा, आणि फाक जेवढी दिसते तिच्या निम्मी त्याची चूक. कर्णाप्रमाणे इथेही दोष दुप्पट होऊन दिसतो. या परीक्षेला दुसरा खरा गुण्या लागत नाही, एवढेच नव्हे तर कोणाची साक्षही लागत नाही.

दोष येतो कोठून

पेटी तिरपी झाली की ठोकणाऱ्याला दोष देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. कारणे शोधू गेले तर ती पाच-सहा निघतात आणि त्यांतली निम्मी त्याच्या हातात नसतात.

पहिले कारण फळ्यांची लांबी. करवतीवर एकामागून एक फळ्या कापताना टेकण सैल झाले की जोडीतल्या दोन फळ्या सारख्या राहत नाहीत. दुसरे, फळीचे टोकच तिरपे कापलेले असणे. असे टोक शेजारच्या फळीला टेकले की कोपरा तिरपाच होणार. तिसरे, कुसू खाचेत पुरता न बसणे. आत भुसा राहिला, नाहीतर खाच उथळ झाली, की सांधा एका अंगाने उघडा राहतो. चौथे, आवळताना क्लॅम्प वाकडा लागणे. त्याचा जोर फळीच्या रेषेत न जाता तिरपा गेला तर तो सांधा आवळता आवळता चौकट कलती करतो. पाचवे, खालची जमीन. खडबडीत जमिनीवर जोडलेल्या पेटीत जमिनीचा पीळ उतरतो.

सहावे कारण लाकूड. पेट्यांना हलके, पुष्कळदा ओलेच लाकूड येते. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. ओल्या फळीत ठोकलेला खिळा फळी वाळल्यावर सैल होतो. आणि एका टोकाला एकच खिळा असला तर तो खिळा राहत नाही, बिजागरी होतो. दोन खिळे थोड्या अंतरावर मारले तरच फळी फिरावयाची थांबते. ते एकाच शिरेवर मारू नयेत, मागेपुढे मारावे, नाहीतर फळी उभी चिरते.

दुरुस्ती

आता दुरुस्ती. चौकट जोडून झाली, तळ ठोकावयाचा आहे, सरस ओला आहे किंवा खिळे पुरते बसलेले नाहीत. हीच योग्य वेळ. कर्ण मोजले आणि एक लांब निघाला. लांब कर्णाची दोन टोके एकमेकांकडे आणावयाची, की दुसरा कर्ण आपोआप वाढतो. लहान पेटी असेल तर तिचा तो कोपरा जमिनीला टेकवून वरच्या समोरच्या कोपऱ्यावर तळहाताने दाब द्यावा. मोठी चौकट असेल तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून, नाहीतर दोरीचा वेढा घालून त्यात काठी पिळून, हळूहळू ओढावे. किती ओढावयाचे? फरकाच्या निम्मे. वरच्या उदाहरणात फरक १.६ होता, म्हणून ५०.८ चा कर्ण ०.८ ने कमी करून ५० वर आणावयाचा. सबंध फरकाइतके ओढले तर चौकट दुसऱ्या अंगाला तेवढीच तिरपी होते. हाताने काम करताना लाकूड थोडे परत उसळते हे ध्यानात घेऊन रेसभर जास्त ओढावे, सोडावे आणि पुन्हा मोजावे.

कोपऱ्यावर थेट हातोडा मारू नये. फळीचे टोक फुटते आणि नेमका तिथलाच खिळा उपटतो. मारणे भागच असेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. चौकट सरळ आली की ती ढिली पडण्याआधी एक तिरपी पट्टी दोन खिळ्यांवर तात्पुरती मारून ठेवावी. मग तळ ठोकावा, मग पट्टी काढावी. क्लॅम्पमुळे कल आला असेल तर चौकट ओढू नये, क्लॅम्पच सैल करून तिरपा सरकवावा. ज्या जोराने बिघडले तोच जोर उलट फिरवून पुष्कळदा काम भागते.

तळ ठोकल्यावर दोष कळला तर? जोराने सरळ करू पाहणे व्यर्थ आहे. तळाचे खिळे काढावे, चौकट सरळ करावी आणि खिळे नव्या जागी मारावे. जुन्या भोकात मारलेला खिळा पेटीला पुन्हा जुन्याच वळणावर नेतो. सुताराचा जुना सरस ऊब आणि ओलावा मिळाला की मऊ होतो, त्यामुळे सरसाचा सांधा धीराने उघडता येतो. आणि फळ्यांची लांबीच कमीजास्त असेल तर कितीही ओढून उपयोग नाही. फळी बदलणे किंवा पुन्हा कापणे एवढाच उपाय उरतो. कोणता दोष ओढून जातो आणि कोणता कापल्याशिवाय जात नाही, हे आधी ओळखावे. संघटनेच्या कामातही वाटाघाटीला बसण्यापूर्वी आम्ही हेच ओळखावयाचा प्रयत्न करतो.

थप्पीचे शास्त्र

आतापर्यंत मी चौकट वरून पाहिली. पेटीला मात्र तीन दिशांचे काटकोन असतात. वरून दिसणारा एक, लांब बाजूने दिसणारा दुसरा आणि आखूड बाजूने दिसणारा तिसरा. ठोकणारा बहुधा पहिला पाहतो, कारण तो वर उभा राहून काम करतो. थप्पीला धोका असतो तो उरलेल्या दोहोंचा.

समजा प्रत्येक पेटी उभ्यात फक्त ५ मिलिमीटर कलली आहे. एका पेटीत ते दिसत नाही. पण त्याच कलाच्या दहा पेट्या एकावर एक ठेवल्या की सर्वांत वरची कड ५ सेंटिमीटर बाहेर जाते. एवढ्याने थप्पी लगेच पडेल असे मी म्हणत नाही. पडण्याचे कारण पुढे आहे. कललेल्या पेटीवर वरून ओझे आले की ते ओझे तिला आणखी कलवू पाहते, काड्यापेटीच्या टरफलासारखे. त्याला विरोध करावयास सांध्यातल्या खिळ्यांखेरीज दुसरे काही नाही. सर्वांत जास्त ओझे सर्वांत खालच्या पेटीवर. तिच्यातला खिळा ओल्या लाकडात सैल झालेला. तशात हातगाडीचा धक्का लागतो, किंवा कोणी मधली पेटी ओढून काढतो. सरळ उभ्या पेटीत ओझे कोपऱ्यांच्या ठोकळ्यांतून सरळ जमिनीत उतरते. तिरप्या पेटीत वरचा कोपरा खालच्या कोपऱ्यावर येत नाही, तो फळीच्या मधोमध येतो आणि ती फळी वाकते. गाडीतही तेच. तिरप्या पेटीवर आवळलेली दोरी तिला सरळ धरून ठेवत नाही, घाटातल्या प्रत्येक वळणाबरोबर आणखी कलती करते.

आता लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याचे खोके आणि प्लास्टिकचे क्रेट पुष्कळ प्रमाणात घेत आहेत. पण नियम बदललेला नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याचे मुख्य बळ त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर ते ओझे पेलते, सरकला तर बसते. म्हणून थप्पी लावणाऱ्याने वस्तू कोणतीही असो, कोपरा पाहावा.

‘थप्पी लावणे’ हे काम आहे आणि ते करणारा कामगार आहे, हे मान्य करून घ्यावयासही या महाराष्ट्रात लढा द्यावा लागला. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी संघटित झाले आणि महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम १९६९ साली झाला. माल चढवणे, उतरवणे, वाहणे, मोजणे यांच्याबरोबर थप्पी लावणे हेही त्या कायद्याच्या कामांत येते. पण माथाडीच्या हाती येणारी पेटी दुसऱ्या कोणीतरी, दूर कोठेतरी, ठोकलेली असते. एका कामगाराच्या घाईचा भार दुसऱ्या कामगाराच्या मानेवर पडतो आणि दोघांची कधी भेटही होत नाही.

तपासणीचा वेळ कोणाचा?

इथे कामगार संघटनेचा माणूस म्हणून मला दोन शब्द बोलणे भाग आहे. पेट्या ठोकण्याचे काम जिथे नगावर असते, तिथे जितक्या पेट्या तितके पैसे. समजा एक माणूस दिवसाला दोनशे पेट्या ठोकतो आणि प्रत्येक पेटीचे कर्ण पाहावयास अर्धे मिनिट लागते. तर शंभर मिनिटे, म्हणजे दीड तासाहून अधिक वेळ, तपासणीत जाईल. नग मोजून पैसे देणारा त्या शंभर मिनिटांचे काही देत नाही. मग तो तपासणार कशाला आणि कोणाच्या जिवावर? त्याला प्रामाणिकपणाचा उपदेश करणे सोपे आहे. पण त्या उपदेशाची किंमत त्याच्या मुलांच्या जेवणातून वसूल होते.

उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. एक जाड, सपाट फळी घ्यावी. तिच्यावर दोन भक्कम पट्ट्या काटकोनात ठोकाव्या. हा काटकोन दोरीने काढावा: एका पट्टीवर ६० सेंटिमीटरवर खूण, दुसरीवर ८० वर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर १०० आले की कोपरा खरा. समोरच्या अंगाला एक ठोकळा आणि एक पाचर. चार फळ्या त्या कोपऱ्यात सरकवाव्या, पाचर ठोकून आवळाव्या आणि मग खिळे मारावे. उभ्या बाजूंसाठीही असाच दुसरा साचा करता येतो. अशा साच्यात पेटी तिरपी ठोकणेच कठीण. साचा रोज सकाळी एकदा कामट्यांनी तपासावा, कारण हातोड्याच्या माराने तोही सरकतो. नंतर वीस पेट्यांमागे एक तपासली तर दोनशे पेट्यांना दहा तपासण्या, म्हणजे पाच मिनिटे. शंभर मिनिटांची पाच मिनिटे झाली. साच्यात फळ्या पटकन जुळतात, म्हणून ठोकणाऱ्याचा हातही चालतो.

साचा कोणी द्यावयाचा? जो काम करवून घेतो त्याने. ती पाच मिनिटे कोणाच्या हिशेबात धरावयाची? कामाच्या. नगाचा दर ठरवताना तपासणी हा कामाचाच भाग धरावा, एवढीच मागणी आहे. ती मान्य झाली तर ठोकणारा, वाहणारा, बागायतदार आणि गाळेवाला चौघांचाही फायदा आहे. आंबा कमी दबतो, पेटी कमी मोडते, माणूस कमी जखमी होतो.

घरी करून पाहण्यासारखे

शेवटी आपल्या घरचे. पावसाळ्यात दार अडकले की आपण म्हणतो, लाकूड फुगले. तसे असेलही. पण रंधा मागवण्यापूर्वी एक सुतळी घ्या आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मापा. ते सारखे असतील तर दार फुगले आहे, आणि पाऊस सरल्यावर पुष्कळ अंशी आपोआप मोकळे होईल. सारखे नसतील तर चौकटच कलली आहे, आणि दार कितीही रंधले तरी पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा अडकेल. कपाटाचा खण तिरपा होऊन अडत असेल, पुस्तकांचा घोडा एका अंगाला झुकत असेल, तर त्याची पाठ पाहा. ती नसेल किंवा तिचे खिळे सुटले असतील. कर्ण सारखे करून पाठ पुन्हा ठोका. नवे फर्निचर घेताना पॉलिश पाहतोच, तशी सुतळीही लावून पाहा. विकणारा हसला तर हसू द्या.

आणि या हंगामात आंब्याची पेटी घरी आली तर आंबे काढून घेतल्यावर ती लगेच फोडून टाकू नका. तिच्यात दोरी तिरपी धरून पाहा. दोन्ही कर्ण जुळले तर एका अनोळखी कारागिराने आपले काम चोख केले आहे. जुळले नाहीत तर त्याला ते करू देण्याइतका वेळ कोणी दिला होता काय, हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. तो प्रश्न आपल्यापैकी काही जणांनी बाजारात येऊन मोठ्याने विचारला तर आमचे काम पुष्कळ हलके होईल.